आधी कोण, मग काय

बस गं, बस. लाईट येईपर्यंत काही करता येणार नाही. जनरेटर आहे, पण तो फ्रीजर आणि इनक्युबेटर सांभाळतो. पेशींना गारवा-ऊब आधी, माणसांनी अंधारात बसायचं, हा इथला जुना रिवाज आहे. तो चार्जिंगचा दिवा जरा इकडे ओढ. हां, आता तुझा चेहरा दिसतोय.

आज तुझा पहिला दिवस आणि पहिल्याच दिवशी तू मला पेशी वाढवायच्या त्या कल्चर रूमच्या दारात एकटीच बोलताना पाहिलंस. म्हातारी जरा सटकलेली दिसते, असंच वाटलं ना? वाटू दे, मला काही राग नाही. पण एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल, इथे आत जाताना सगळेच दारात थांबून आपलं नाव सांगतात. आमचे पंतोजी, तेव्हाचे इथले संशोधक, आता एवढे मोठे साहेब झाले, तेही सांगतात. त्यांना विचारलंस तर म्हणतील, आत कुणी काम करत असेल तर दचकू नये म्हणून. ते खोटं नाही. पण ती अर्धीच गोष्ट आहे.

आमची ही लॅब बाईंनी उभी केली. नाव घेऊन कुणी बोलायचंच नाही, विद्यापीठभर त्या नुसत्या बाई. ज्या घरांत आईला कॅन्सर, मग मुलीला, मग नातीला असं चालत येतं, त्या घरांच्या जनुकांत नेमकं कुठलं अक्षर बदललंय ते शोधायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अंगाने एवढ्याशा, पण आवाज असा घोगरा की फोनवर लोक 'सर' म्हणायचे. घसा सारखा खवखवायचा म्हणून गालात कायम एक लवंग. कल्चर रूममध्ये काही खायची बंदी त्यांनीच केलेली, आणि मास्कच्या आड स्वतःची लवंग चालूच. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "ठसका, नियम मी केलाय, तर मोडायचा कुणी?" ठसका म्हणजे मी. माझ्या जिभेमुळे त्यांनीच पाडलेलं नाव.

बाई तीनच गोष्टी विचारायच्या. पहिली, "कोण?" हूडमध्ये, म्हणजे त्या वाऱ्याच्या काचपेटीत, हात घालून बसलं की मान वळवता येत नाही, तू जाणतेसच. हात बाहेर काढला की सगळं पुन्हा पुसायचं, मागे वळून बोललं की तोंडाची वाफ कुठे जाईल सांगता येत नाही. त्यामुळे दार वाजलं की बाई समोर बघतच विचारायच्या, "कोण?" तुम्ही उत्तर देईपर्यंत विचारत राहायच्या. नाव सांगितलं की लगेच दुसरी, "जेवलीस का?" आणि संध्याकाळी घरी निघताना दारात उभं राहून तिसरी, "येतेस का गं?" आम्ही दोघी बसस्टॉपपर्यंत बरोबर जायचो. बसची वाट बघत जगाची उणीदुणी काढायचो. माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला वेळ असायचा.

त्या पहिल्या प्रश्नाचं मीटिंगमध्येही तेच. कुणी निकाल घेऊन नाचत आलं, की बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "आधी कोण, मग काय." म्हणजे काय, तर फ्लास्क सगळे सारखेच दिसतात. तोच पारदर्शक डबा, तेच लालसर मीडियम, पेशींचं खाणं. आत नक्की कुणाच्या पेशी आहेत याची खात्री करा, मग त्या काय सांगतात ते मला सांगा. एका माणसाच्या पेशींत दुसऱ्याच्या जाऊन बसतात, एक थेंब पुरतो. आमच्याकडे पेशींची एक जुनी जात आहे, कुणा अनोळखी बाईच्या गाठीतून कधीकाळी काढलेली. मरत म्हणून नाही. कितीही खायला घाला, दोन दिवसांत फ्लास्क भरून टाकते. तिचं नाव आम्ही भस्म्या ठेवलंय. भस्म्याचा एक थेंब दुसऱ्या फ्लास्कात गेला की मूळच्या पेशी उपाशी मरतात आणि लेबल मात्र त्यांचंच राहतं. म्हणून भस्म्याला नेहमी शेवटी हात लावायचा, त्याची मीडियमची बाटलीही वेगळी.

मग बाईंनाच झाला. गर्भाशयाचा, आणि कळला तेव्हा उशीर झालेला. आयुष्यभर लोकांच्या घरातलं शोधलं आणि स्वतःच्या घरातलं राहून गेलं, असं त्या हसत म्हणायच्या. मला नाही हसू यायचं. त्यांच्या रक्तात एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं. पण ते आधी कुणी पाहिलेलंच नव्हतं. घातकी असेल किंवा नुसती शुद्धलेखनाची चूक असावी तसं निरुपद्रवी असेल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बाईंच्या लेकीला तपासलं, तर तिच्यातही तेच अक्षर.

ही लेक आमच्या अंगाखांद्यावरच वाढली. मला मावशी म्हणते. तेव्हा तिची पोरगी लहान होती, आणि दुसरं मूल हवं म्हणून ही जीव टाकत होती. अक्षर घातकी असेल तर वेळेवर ऑपरेशन करून गर्भाशय वगैरे सगळं काढून टाकायचं, म्हणजे मुलाची आशा संपली. निरुपद्रवी असेल तर कशाला चाकू लावायचा? कळायला एकच मार्ग होता. बाईंच्या जिवंत पेशींत ते जनुक आपलं काम करतं की नाही, ते बघायचं.

बाईंनी ऑपरेशनच्या वेळी आपल्या गर्भाशयाच्या अस्तराचा एक निरोगी तुकडा आम्हाला द्यायला लावला. शेवटी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा आवाज अगदी बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मी जाणार नाही कुठे. कामावरच आहे. माझी रजा मांडू नकोस." मी त्यांचा हात धरून ढसाढसा रडले, तर वर मलाच म्हणतात, "जेवलीस का?"

बाई गेल्या. त्यांच्या पेशी मात्र इनक्युबेटरच्या मधल्या कप्प्यात फ्लास्कच्या तळाला धरून बसल्या. मरेनात आणि वाढेनात. एक दिवसाआड जुनं मीडियम काढायचं, नवं घालायचं. आमचा थंडोबा, म्हणजे फ्रीजर सांभाळणारा, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून फिरतो तो, रोज येता-जाता त्या इनक्युबेटरला हात लावून "काय बाई, बरं आहे ना?" म्हणायचा. मी चिडवायची त्याला. पण मीही फ्लास्क उचलताना "चला बाई, जेवून घ्या" म्हणायचेच. बाईंचा स्वभावच तो, कुणाच्या घाईने हलायच्या नाहीत, असं म्हणून आम्ही वाट बघत राहिलो.

आणि एका सकाळी पंतोजी ओरडतच बाहेर आले. पेशी वाढत होत्या! आम्ही सगळे त्या मायक्रोस्कोपवर तुटून पडलो. थंडोबा तर भिंतीला टेकून रडला. चार दिवसांत फ्लास्क भरला. तेवढ्या पेशी मिळाल्यावर पंतोजींनी दिवसरात्र एक करून प्रयोग केला, आणि निकाल आला. जनुक ठणठणीत काम करतंय. अक्षर निरुपद्रवी. मी स्वतः लेकीला फोन केला. पलीकडून नुसते हुंदके येत होते, मग म्हणाली, "मावशी, आईने वाचवलं बघ मला." ऑपरेशनची तारीख जवळ आलेली. सोमवारी सकाळी आमचा निकाल तिच्या डॉक्टरांकडे जायचा आणि ते ऑपरेशन रद्द करायचे, असं ठरलं.

आदल्या रविवारी पेशींना खाऊ घालायची पाळी माझी होती.

दुपारची वेळ, पण धुकं असं दाटलेलं की खिडकीबाहेर झाडसुद्धा दिसत नव्हतं. सुट्टीची ही इमारत फार वेगळी असते. एरवी माणसांच्या आवाजाखाली दबलेले सगळे आवाज त्या दिवशी मोकळे सुटतात. फ्रीजरची ती अखंड घरघर, कुठेतरी नळाची टपटप, आपल्याच चपलांचा आवाज पुढे जाऊन परत येतो. फरशी पुसायच्या औषधाचा आणि स्पिरिटचा वास सगळीकडे भरलेला. मला भीती वगैरे काही नव्हती. इतकी वर्षं आलेय सुट्टीची. कधी एकदा आटपून घरी जाते, एवढंच डोक्यात होतं. गुणगुणत कुलूप काढलं, कल्चर रूमचं दार ढकललं.

"कोण?"

"मी, बाई," म्हटलं, दार लावलं, कोट चढवला, मास्क बांधला, हात धुतले. एक हातमोजा घातला. दुसरा घालताना माझा हात तिथेच थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. हूड बंद, त्यावर काचेचं झाकण खाली ओढलेलं, समोर रिकामं स्टूल. लपायला जागाच नाही गं त्या खोलीत, तू पाहिलीच आहेस.

मी मनाला म्हटलं, ठसके, वय झालं तुझं. एवढी वर्षं दार उघडलं की जे ऐकलं, ते कानात बसलेलंच असणार. कान आपले आपणच वाजले. झालं. हूड चालू केला, वारा सुटला, काच वर घेतली, सगळं पुसून काढलं. हातांना कामाची सवय असते, ते आपलं आपण करत राहतात. इनक्युबेटर उघडून बाईंचा फ्लास्क काढला. ऊबदार होता, नेहमीसारखा. "चला बाई," मात्र त्या दिवशी म्हटलं नाही.

फ्लास्क हूडमध्ये ठेवला, स्टुलावर बसले. पाठ दाराकडे.

"कोण?"

या वेळी दाराकडून नाही. इथून, माझ्या खांद्याजवळून. घोगरा, बसलेला आवाज. ओरडून नाही, अगदी हळू… आणि मास्कमधून मला वास आला. लवंगेचा.

मान वळवता येत नव्हती. हात आत होते म्हणून नाही… वळवता येत नव्हती, बस. समोरच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसत होतं, मास्क, टोपी, दोन डोळे. मागची भिंतही दिसत होती. मधे काही नव्हतं.

"मी… मी आहे, बाई."

"कोण?"

"ठसका… बाई, मी ठसका आहे…"

"कोण?"

कधी असं झालं नव्हतं गं. नाव सांगितल्यावर बाई गप्प व्हायच्या, जेवलीस का विचारायच्या. आज नाव सांगूनही विचारत होत्या. मला भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं, खरं सांगते. बाई मला विसरल्या की काय? डोळे भरून आले, समोरचं दिसेना. हातमोज्याने डोळे पुसता येईनात. बाई, मला ओळखत नाही का हो तुम्ही, असं मी म्हणणार होते, आणि तेवढ्यात माझी नजर खाली गेली.

प्रश्न मला नव्हताच.

हा 'कोण' दारावरचा नव्हता, मीटिंगमधला होता. तोच सूर. निकाल घेऊन कुणी नाचत आलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, तो. माझ्या दोन्ही हातांच्या मधे तो फ्लास्क होता आणि बाई त्याच्याबद्दल विचारत होत्या.

मी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली नेला. त्या पेशी मी रोज बघत होते, पण रोज मला तिथे बाईच दिसायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. बाईंच्या पेशी लांबट होत्या, एकमेकींना जागा देऊन बसणाऱ्या. या तर गोल, आडमुठ्या, एकीच्या डोक्यावर दुसरी चढलेली. मी खालच्या कप्प्यातून भस्म्याचा फ्लास्क काढून शेजारी ठेवला. या डबीतून त्या डबीत बघितलं, पुन्हा त्या डबीतून या डबीत. अगं, फरकच नव्हता.

बाई गेल्या त्या दिवसांत आम्ही सगळेच डोळे पुसत काम करत होतो. बाटली कुणी बदलायची विसरलं, थेंब कुणाच्या हातून गेला, ते आजतागायत कळलेलं नाही आणि आम्ही कुणी खोदूनही विचारलं नाही. पण दुसरी चूक सगळ्यांची मिळून होती. पेशी वाढायला लागल्यावर ओळख पुन्हा तपासायची असते. आम्ही तपासलीच नाही. बाईंना ओळखपत्र कोण मागणार? ज्या बाईंनी आम्हाला आधी कोण ते विचारायला शिकवलं, त्यांनाच आम्ही प्रेमापोटी विचारलं नाही.

बाहेर येऊन पंतोजींना फोन लावला. "ताई, रविवार आहे हो," अशी कुरकुर करत आले बिचारे, मफलर गुंडाळून, केसांना कंगवा न लावता. मी त्यांना आवाजाचं काहीएक सांगितलं नव्हतं. वेड लागलं म्हणाले असते. मी कॉरिडॉरमध्ये, त्यांच्या मागे चार पावलांवर होते. त्यांनी दार ढकललं आणि आत पाऊल टाकता टाकता म्हणाले,

"मी आहे, मी."

मग दोन पावलं आत गेले. थांबले. सावकाश मागे वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक.

"ताई… आत्ता तुम्ही विचारलंत ना?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

पंतोजी तसे हेकट माणूस, एरवी मी भस्म्याची शंका काढली असती तर तासभर वाद घातला असता. त्या दिवशी गपचूप बसून फ्लास्कातल्या थोड्या पेशी घेतल्या आणि मशीनला लावल्या. बाईंचं ते बदललेलं अक्षर या पेशींत आहे का, एवढंच बघायचं होतं. खरंतर पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी तेच बघायला हवं होतं. धुकं आणखी उतरलं, कॉरिडॉरचे दिवे लागले. स्क्रीनवर निकाल उमटला तेव्हा पंतोजींनी तो दोनदा वाचला आणि टेबलावर डोकं ठेवलं.

अक्षर नव्हतं. त्या बाई नव्हत्याच. जे जनुक ठणठणीत काम करतंय म्हणून आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते, ते भस्म्याचं होतं. एक रात्र मधे गेली असती आणि लेकीचं ऑपरेशन रद्द झालं असतं.

तिला पुन्हा फोन मीच केला. काय बोलले ते विचारू नकोस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मग खरं काय आहे, मावशी?" मी म्हटलं, "माहीत नाही गं बाळा. पण आता विचारून सांगेन." डॉक्टरांनी ऑपरेशन थोडं पुढे ढकललं, रद्द केलं नाही.

आता खऱ्या बाई आणायच्या कुठून? त्या फ्लास्कातल्या तर भस्म्याने संपवल्या होत्या. तर थंडोबा नाक ओढत म्हणाला, "ताई, एक कुपी असणार. ऑपरेशननंतर बाई घरून व्हीलचेअरवर इथे आल्या होत्या, आठवतं? त्या तुकड्यातल्या थोड्या पेशी मला गोठवायला लावल्या. म्हणाल्या, तुम्ही माती खाल तेव्हा उपयोगी पडेल." मला हसू आणि रडू एकदमच आलं. नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ जमिनीवर उतरली, आणि थंडोबाने अगदी तळातून ती कुपी वर काढली. हातमोज्यात धरून पळतच आणली. ती वितळेपर्यंत आम्ही तिघं तिच्याभोवती उभे होतो, हॉस्पिटलात बाईंच्या कॉटभोवती उभे होतो तसेच.

थोड्याच जगल्या. पण धरून बसल्या, लांबट, एकमेकींना जागा देऊन. आम्ही पहिल्यांदा ओळख विचारली. अक्षर होतं. मग काम विचारलं. या वेळी थोड्या पेशींतच भागवावं लागलं, मी शेजारी बसून पंतोजींना पिपेटची टोकं देत होते. जनुक काम करत नव्हतं. अक्षर घातकी होतं.

लेकीने ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या मुलाची आशा त्याच्याबरोबर गेली, ते दुःख तिला अजून आहे, मी ते झाकून ठेवणार नाही. पण काढलेल्या भागात डोळ्यांना दिसणारही नाही एवढी सुरुवात सापडली. जिथे बाईंना झाला, बरोब्बर तिथेच. रद्द केलं असतं तर ती आज नसती, असं तिच्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. आज पोरगी तिच्या कानाला लागलीय उंचीने.

बरी झाल्यावर ती इथे आली. म्हणाली, "मावशी, मला आईला बघायचंय." बाहेरच्या माणसाला कल्चर रूममध्ये सोडत नाहीत, त्याआधी ती कधीच आत गेली नव्हती. पंतोजींनी परवानगी दिली. मी तिला कोट चढवला, मास्क बांधला, मायक्रोस्कोपखाली फ्लास्क लावून दिला, आणि तिला एकटं सोडून बाहेर येऊन उभी राहिले. दार लोटलेलंच होतं. एक लक्षात घे, 'कोण'ची गोष्ट आम्ही तिच्यापाशी काढलेलीच नव्हती. थंडोबालाही दम भरला होता. रडून रडून दमलेली पोर, तिला कशाला हे आणखी?

थोडा वेळ काही नाही. मग आतून तिचा आवाज आला.

"मी आहे, आई."

मी म्हटलं, बोलतच असेल, माणसं फोटोशीही बोलतात. मग पुन्हा शांत. फक्त हूडचा वारा. आणि मग तीच, अगदी हळू, कुणीतरी काही विचारल्यावर समजूत घालावी तसं…

"नाही गं. एवढ्यात नाही."

बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण चेहरा शांत होता. मी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, आत लवंगेचा वास कसा काय येतो गं?"

मी तिचा दंड धरला आणि तिला सरळ कँटीनमध्ये नेऊन समोर बसून पोटभर जेवायला घातलं. बाईंचा दुसरा प्रश्न ठरलेलाच होता ना, जेवलीस का. तेच विचारलं असणार. तेव्हापासून मी स्वतःला हेच सांगत आलेय. जेवणाला कुणी 'एवढ्यात नाही' म्हणत नाही असं थोडंच आहे? म्हणतात की.

बघ, आली लाईट. चल, तुझ्या पेशी खोळंबल्यात. दारात थांबून नाव सांग, मोठ्याने सांग, नुसतं पुटपुटू नकोस. जेवलीस का विचारलं तर हो म्हण, नाहीतर पिच्छा सोडत नाहीत. घाबरू नकोस गं, जीव लावणारं माणूस आहे ते.

मी? नाही, मी आता आत येत नाही. मघाशी दारात मी काय बोलत होते, ते तुला जाणून घ्यायचं होतं ना. माझा डबा तर दुपारीच खाऊन झाला होता, आणि तसं मी त्यांना सांगितलंही होतं. तरी त्यांनी आणखी एक विचारलं, घरी निघताना दारात विचारायच्या ते. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय, नातवंडं आहेत, घराला रंग काढायचाय. म्हटलं, बाई, एवढ्यात नाही.